जाळीवाल्या काकांची हजेरी

टेलरबाईंचा स्वभाव मुळातच संशयी. गिऱ्हाइकानं कापड आणलं की आधी त्या ते उजेडात धरणार, मग कोपरा ओला करून रंग जातोय का बघणार, आणि एवढं करून शेवटी म्हणणार, "आत्ता तरी बरं दिसतंय." माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. चौदाव्या वर्षी मामांच्या दुकानात मशीनवर बसल्या, पंचविशीत लग्न होऊन या तळ्याकाठच्या वस्तीत आल्या, नवरा गेला तेव्हा चाळिशीच्या होत्या. तेव्हापासून खाली दुकान, मागं दोन खोल्या, वर एक खोली आणि सोबतीला नणंद असा त्यांचा संसार. नणंद म्हणजे वन्सं, स्वभावानं अगदी उलट. कुणीही दार वाजवलं तरी त्या आधी आत घेत आणि कोण म्हणून नंतर विचारत.

त्यामुळं वरची खोली विद्यापीठातल्या दोघांना तीन महिन्यांसाठी द्यायचं वन्संनी ठरवून टाकलं, आणि बाईंना ते कळलं तेव्हा त्या दोघांच्या बॅगा जिन्यात होत्या.

एक होत्या प्राध्यापक, पंचेचाळिशीच्या, पांढरे केस न रंगवणाऱ्या. त्यांना सगळे मॅडम म्हणू लागले. दुसरा त्यांचा सहकारी, जाड भिंगाचा, कमी बोलणारा. वस्तीनं त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. लोक आपलं तळं, आपलं रान स्वतः कसं सांभाळतात, निर्णय कोण घेतं, कुणाचं ऐकलं जातं, याचा अभ्यास करायला ते आले होते. वन्संना हे फार आवडलं. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

त्यालाही कारण होतं. आठ वर्षांपूर्वी असेच चार जण फाइली घेऊन आले होते. वस्तीमागच्या डोंगरावर कोण गुरं नेतं, कोण लाकूड आणतं, सगळं गोड बोलून लिहून घेतलं. लोकांनी हौसेनं वाटा दाखवल्या. वर्षभरानं अर्ध्या डोंगराला तारेचं कुंपण पडलं आणि पलीकडे दगड फोडायची यंत्रं सुरू झाली. त्या चौघांचा आणि यंत्रांचा संबंध होता की नव्हता, हे कुणालाच सांगता आलं नाही. पण दुधानं तोंड पोळलेल्या वस्तीनं तेव्हापासून हातात कागद असलेल्या माणसाशी जपून बोलायचं ठरवलं होतं.

आणि बाईंचं स्वतःचं आणखी एक कारण होतं. ते वन्संनाही ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या तलाव समितीच्या त्या लेखनिक होत्या. अकरा वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याचं पाणी तळ्यात सुटलं, मासे पोट वर करून काठाला लागले आणि सगळी वस्ती रस्त्यावर आली. त्यातून ही समिती झाली. कारखान्याला नाली वळवावी लागली, आणि तळ्याचा कारभार सरकारी खात्यानं समितीच्या हाती दिला. अट एकच. दर महिन्याला सभा व्हायला हवी आणि तिला कमीत कमी एकवीस रहिवासी हवेत. लागोपाठ तीन सभा अपुऱ्या झाल्या की तळं परत खात्याकडे, आणि खातं ते ठेक्यानं कुणालाही देऊ शकेल. बाईंचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वही त्यांच्याकडे आली.

पहिली दोन वर्षं सभेला बसायला जागा नसायची. पुढं मासे परत आले, पाणी निवळलं आणि माणसं आटली. चाळीस झाले, पंचवीस झाले, मग तेरा. चार वर्षांपूर्वी अशीच तिसरी अपुरी सभा आली. तेरा डोकी जमली, चहा पिऊन गेली. बाई वही घेऊन घरी आल्या, मशीनवर बसल्या, आणि कपडे नेताना लोक ज्या चोपडीत सही करत ती त्यांनी शेजारी उघडली. आठ सह्या त्यांनी बघून बघून काढल्या. दुसऱ्याच्या सदऱ्यावरून नवा सदरा बेतणाऱ्या हाताला ते काही जड गेलं नाही. एवढ्या वेळेपुरतं, असं त्या स्वतःला म्हणाल्या. मग पुढच्या महिन्यात दहा सह्या, त्यापुढं बारा. तळं वाचत होतं, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

आता वरच्या खोलीत माणसं येऊन बसली होती आणि दिवसभर सभांबद्दलच विचारत होती.

मॅडम रोज सकाळी धोबीघाटाच्या पायऱ्यांवर बसत, दुपारी होड्यांपाशी. चष्मेवाला नळाच्या रांगेत उभा राही. बाई दुकानाच्या खिडकीतून डोळ्यांत तेल घालून बघत. कुणाशी किती वेळ बोलले, बोलणारा हसला की गप्प झाला, सगळं टिपून ठेवत. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सभांच्या वह्या बघायला मागितल्या. बाईंनी पहिल्या पाच वर्षांच्या वह्या काढून दिल्या आणि पुढच्यांना वाळवी लागली असं सांगितलं. मॅडमनी मान हलवली, आभार मानले, आणि काही विचारलं नाही. हे न विचारणंच बाईंना खटकलं.

आठवड्यानं कळलं की समितीचे अध्यक्ष, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडसर, यांनी आपल्याकडच्या सगळ्या वह्यांच्या नकला स्वतःहून नेऊन दिल्या. सरांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, तेव्हा सरांनी त्या दिल्याच, वर प्रत्येक ठरावाची पार्श्वभूमीही दोन तास समजावून सांगितली. हे त्यांनी बाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाईंच्या हातातली कात्री तिथंच थांबली.

त्या दिवसापासून त्यांचं कामात लक्ष लागेना. एका सदऱ्याची डावी बाही त्यांनी उजवीकडे जोडली, तीस वर्षांत पहिल्यांदा. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्हाला बरं नाही का. बाई म्हणाल्या, वरच्यांचं काही बरं दिसत नाही. वन्संनी त्याचा भलताच अर्थ घेतला आणि त्या दोघांना आल्याचा चहा नेऊन दिला.

एका दुपारी दोघंही बाहेर असताना बाई पडदे धुवायला काढायचं निमित्त करून वर गेल्या. भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता. त्यावर वस्तीतल्या माणसांची यादी आणि पुढं महिन्यांचे चौकोन. चौकोनांत निळे ठिपके. काही ठिपक्यांभोवती लाल वर्तुळं होती. सगळ्यात जास्त लाल वर्तुळं एकाच नावापुढं होती, लागोपाठ सात. ते नाव जाळीवाल्या काकांचं होतं.

काका जाळी विणायचे. समितीच्या पहिल्या दिवसापासून त्यांनी एक सभा चुकवली नव्हती. सगळ्यांत आधी येऊन खिडकीपाशी बसत आणि सभा संपेपर्यंत हातातलं काम चालू ठेवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. बाई त्यांना पोचवायलाही गेल्या होत्या. पण पुढच्या महिन्यात वही भरताना हात सवयीनं काकांच्या ओळीवर आला आणि सही करून पुढं गेला. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. सात महिन्यांनी काकूंनी काकांचे दोन शर्ट जावयासाठी आखूड करायला आणले, तेव्हा कुठं बाईंच्या हाताला ते पटलं.

टेबलावर मॅडमची वही होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे बाईंना कळत होतं. त्यांनी ती उघडली. शेवटच्या पानावर एक ओळ होती, "लेखनिक फार सावध. काहीतरी लपवताहेत असं वाटतं." बाईंना आधी राग आला. आपल्याच घरात राहून आपल्यावर संशय घेतात म्हणजे काय. मग, आपण या क्षणी कुठं उभ्या आहोत आणि हातात काय आहे, हे लक्षात येऊन त्यांनी वही होती तशी ठेवली. पडदे न काढताच त्या खाली आल्या.

दोन दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाल्या,

"जाळीवाले काका मे महिन्यात गेले. त्यांची सही डिसेंबरपर्यंत आहे."

"चुकून झालं असेल," बाई म्हणाल्या.

"काकांचं चुकून झालं असेल. बाकीच्यांचं?"

बाईंनी टेप गुंडाळला, परत उलगडला. मग विचारलं, "खात्याला सांगणार?"

"आम्ही खात्याची माणसं नाही. मी कुणाचं नाव लिहीत नाही, आणि एकानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगत नाही. हा आमच्या कामाचा नियम आहे."

"डोंगराच्या वेळी आलेलेही असंच म्हणत होते."

मॅडमनी स्टूल जरा पुढं ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "एक मात्र तुम्हाला ठाऊक असावं असं वाटतं. बारीक जाळ्यांच्या बंदीचा ठराव. त्यावर होडीवाल्या लंबूची सही आहे. तो म्हणतो, त्या सभेला मी गेलोच नव्हतो. त्याची जाळी त्या ठरावानं गेली."

बाईंचा हात टेपवर तसाच राहिला. लंबूची जाळी तळ्याकाठी सगळ्यांसमोर जाळली होती. लंबू ओरडत होता की मला कुणी विचारलं नाही, आणि हेडसरांनी त्याला वही दाखवून गप्प केलं होतं. लंबूला धड वाचता येत नसे, सही तेवढी गिरवायला शिकला होता. ती बघून तो गोंधळला आणि निघून गेला. बाई तेव्हा गर्दीत मागं उभ्या होत्या. कुणाचं काही बिघडत नाही हे वाक्य त्यांनी त्या दिवसानंतरही स्वतःशी म्हटलं होतं, फक्त जरा भरभर.

पण संशयी माणसाचं डोकं अशा वेळीही चालू असतं. त्यांनी मान वर केली.

"एकाचं दुसऱ्याला सांगत नाही म्हणालात. मग लंबूचं मला कसं सांगितलंत?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "चूक झाली," एवढंच म्हणाल्या आणि उठून वर गेल्या. जिना चढताना त्या मध्येच थांबल्याचं बाईंना ऐकू आलं. बाईंना त्यातून समाधान मिळायला हवं होतं. मिळालं नाही. उलट, जे माणूस न बोलायचं ठरवूनही बोलून जातं, त्याच्या हातात आपलं गुपित आहे, या विचारानं त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं.

बाई हेडसरांकडे गेल्या. सर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी सगळं सांगितलं. सर दचकले नाहीत, त्यावरून बाई काय ते समजल्या. सर म्हणाले, त्यांना पहिल्यापासून कळलं होतं, तेरा माणसांच्या सभेत एकवीस सह्या कशा होतात हे काय कुणी सांगायला हवं. तळं राहिलं ना, मग झालं. आता गप्प बसायचं, ते दोघं दीड महिन्यानं जातील. बाई परत निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात नवाच किडा वळवळू लागला. सरांना माहीत होतं, तर नकला त्यांनी का दिल्या? भोळेपणानं, की उद्या उघडं पडलंच तर वही बाईंच्या अक्षरात आहे म्हणून? याचं उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही. सरांना विचारायचं धाडसही झालं नाही.

चार दिवस त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. मॅडम सांगतील, सर सांगतील, चष्मेवाला सांगेल, की लंबू स्वतःच काढील शोधून. ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि याला कळलंय का हे ताडत बसायचं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि होड्यांकडे गेल्या.

लंबू होडीच्या फटी बुजवत होता. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. ती सही तुझी नव्हती, मी केली. लंबूनं हातातलं काम खाली ठेवलं. मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून पुढं केला आणि फळीवर बोट ठेवलं. बाईंनी तिथं त्याची सही केली. त्यानं ती वाकून पाहिली.

"माझ्यापेक्षा बरी काढता," तो म्हणाला. आणि मग, "म्हणजे माझी जाळी मीच जाळायला सांगितली, असं तीन वर्षं मला वाटत होतं. वाटायचं, सही केली असेन कधीतरी, न वाचता."

बाईंना वाटलं, लंबूनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच सांगितलं की हे इथं सांगून भागणार नाही, सभेत सांगा.

सभा त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती. लंबूनं काय सांगितलं, किती सांगितलं देव जाणे, पण समितीच्या खोलीत चौसष्ट माणसं जमली. चार वर्षांत पहिल्यांदा कोरम भरला होता. वन्सं पहिल्या ओळीत होत्या, कसला तरी सत्कार आहे अशा समजुतीनं. मॅडम आणि चष्मेवाला दाराशी उभे होते. बाईंनी बसा म्हटलं नाही.

बाईंनी लांबण लावली नाही. कुठल्या महिन्यापासून, कुणाकुणाच्या, किती, हे वहीतून वाचून दाखवलं. खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं तळ्यासाठीच केलं ना, कुणी म्हणालं आज सही केली, उद्या घर लिहून घेतील. धोब्यानं विचारलं, माझ्या नावानं कशाकशाला हो म्हटलं ते सगळं वाचा, आणि ते सगळं वाचावं लागलं. अठ्ठावीस ठराव. निम्म्या लोकांना तर असे ठराव झालेत हेच माहीत नव्हतं.

मग जाळीवाल्या काकू उठल्या. त्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सात महिने इथं येत होते म्हणे. घरी नाही आले ते." आणि बसल्या. कुणी हसलं नाही. त्या दिवशी मिळालेल्या सगळ्या शिव्या बाई पुढं विसरल्या, हे वाक्य राहिलं.

वही त्यांच्याकडून काढून घेतली. बंदीचा ठराव रद्द झाला, आणि पुढच्या सभेत त्यावर तीन तास भांडण होऊन, अंडी घालायच्या दोन महिन्यांपुरती बंदी ठेवायचं ठरलं. ही सूचना लंबूचीच होती, आणि अंडी कधी कुठं पडतात हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडसरांनी अध्यक्षपद प्रकृतीच्या कारणानं सोडलं. महिनाभर बाईंकडे नवं कापड शिवायला कुणी टाकलं नाही. काकू मात्र एका परकराची नाडी बदलून घ्यायला आल्या, आणि चोपडीत सही करताना त्यांनी बाईंकडे एकदा बघितलं.

वरचे दोघं ठरल्या दिवशी गेले. त्यानंतर पंधराच दिवसांत खात्याचं पत्र आलं, सभांच्या नोंदींची तपासणी होणार म्हणून. बाई म्हणाल्या, बघा, मी सांगत होते. वन्सं म्हणाल्या, वहिनी, चौसष्ट माणसांसमोर तुम्ही बोललात, त्यांतला कुणाचा मेहुणा खात्यात नसेल कशावरून. ते बाईंना पटलं, आणि पटलंही नाही. तपासणीचा अधिकारी आला, दोन वह्या चाळल्या, सभा पुऱ्या भरवून दाखवायला सहा महिन्यांची मुदत देऊन गेला. त्या सहा महिन्यांत एकही सभा अपुरी पडली नाही. लोक तळ्याच्या ओढीनं येत होते, की आपल्या नावावर कोण काय लिहितंय ते बघायला, हे सांगता येणार नाही. तळं समितीकडेच राहिलं.

दीड वर्षानं मॅडम अहवाल घेऊन आल्या, एकट्याच. सभेत उभं राहून त्यांनी तो वाचून दाखवला. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची नावं नव्हती. एका पानावर लिहिलं होतं की तळ्याचे खरे निर्णय सभेत कमी आणि पायऱ्यांवर, होड्यांपाशी जास्त होत होते, पण कायदा फक्त सभेतल्या सह्या मोजत होता. त्यामुळं सभा ओस पडली आणि सह्या वाढल्या. आणखी एका पानावर होतं की अभ्यास करणाऱ्यांकडूनही एकाचं बोलणं दुसऱ्याकडे गेलं, ते जायला नको होतं, आणि त्याचे परिणाम वस्तीला भोगावे लागले.

सभा संपल्यावर बाईंनी अहवाल मागून घेतला. ते पान स्वतः शोधलं, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. वाचायला एक असतं आणि छापलेलं दुसरंच, असं होऊ शकतं. तसं नव्हतं.

"खात्याला तुम्ही सांगितलंत का?" त्यांनी मॅडमना सरळ विचारलं.

"नाही."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चहाला घरी या म्हणाल्या, आणि अहवालाचं शेवटचं पान उलटलं. तिथं अभ्यासाला पैशांची मदत करणाऱ्या संस्थांची यादी होती. तीन नावं ओळखीची निघाली. चौथ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही संस्था कुणाची?"

मॅडम सांगू लागल्या. बाई ऐकत घराकडे चालू लागल्या, आणि घर येईपर्यंत त्यांचे आणखी पाच प्रश्न झाले होते.